एकच स्वगत, अनेक नट : वाचकांचे प्रश्न

५ नोव्हेंबर जवळ आला की सांगली-सातारा भागातून नाटकाविषयीची पत्रं वाढतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ सांगलीत केलं, त्याचा हा दिवस. यंदाची पत्रं मात्र बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरत आहेत. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधलं ‘टू बी ऑर नॉट टू बी’ आणि वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधलं ‘जगावं की मरावं’ ही दोन स्वगतं वेगवेगळ्या नटांच्या तोंडून ऐकायची कशी, असं वाचक विचारतात. त्यातल्या निवडक पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न : आमच्या वाचनालयात रंगभूमी दिनाला पंचवीसेक माणसं जमतात. यंदा भाषण ठेवण्याऐवजी एकच स्वगत पाच-सहा नटांकडून ऐकायचा बेत आहे. बैठक कशी आखावी? तेच तेच ऐकून लोक कंटाळतील का? (मिरज)

कंटाळतील, जर सलग ऐकवलंत तर. तिसऱ्या नटापर्यंत शब्द पाठ होतात, कान सैल पडतो आणि मग फक्त आवाज कुणाचा भारदस्त एवढंच उरतं. म्हणून ऐकणाऱ्याच्या हाताला काम द्या.

आधी स्वगताचा मजकूर मोठ्या अक्षरात, दोन ओळींत भरपूर जागा सोडून छापून घ्या. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, सगळी विरामचिन्हं काढून टाका. प्रत्येकाला एक कागद आणि पेन्सिल. नट जिथे थांबेल तिथे तिरकी रेघ, जिथे जोर देईल त्या शब्दाखाली आडवी रेघ, आणि जिथे त्याचा रोख बदलला असं वाटेल तिथे गोल. तीनच खुणा, चौथी घातलीत की माणसं लिहिण्यात गुंततात आणि ऐकणं राहून जातं. प्रत्येक नटासाठी वेगळा कागद हवा, म्हणजे पाच नटांना माणशी पाच प्रती. शेवटी ते पाच कागद शेजारी शेजारी ठेवले की एकाच मजकुराचे पाच नकाशे दिसतात. बैठकीची खरी गंमत तिथे आहे.

नट पाचच ठेवा. एक स्वगत साधारण तीन-चार मिनिटांचं. प्रत्येक सादरीकरण दोनदा लावायचं : पहिल्यांदा पडदा झाकून नुसता आवाज, दुसऱ्यांदा चित्रासह. मध्ये दोन मिनिटं गप्प बसून खुणा तपासायच्या, मग पाच मिनिटं बोलणं. एका नटाला पंधरा मिनिटं गेली, तर सुरुवातीचं वाचन धरून दीड तास होतो. त्यापुढे ताणू नका.

क्रम फार महत्त्वाचा. डॉ. श्रीराम लागूंचा आप्पा बेलवलकर, म्हणजे ‘नटसम्राट’चा नायक असलेला म्हातारा नट, पहिला लावलात तर पुढचे चारही नट त्यांच्या मापानेच मोजले जातील. १९७० साली पहिला आप्पा त्यांनी उभा केला, त्यामुळे आपल्याकडच्या कित्येकांच्या कानात ते स्वगत त्यांच्याच आवाजात बसलेलं आहे. त्यांना तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. सुरुवात लोकांना अनोळखी असलेल्या नटाने करा. शेवटी वेळ उरला तर पहिला नट पुन्हा एकदा ऐकवा. तासाभराने तो निराळाच ऐकू येतो.

एक चूक हमखास होते. इंटरनेटवरच्या बऱ्याचशा चित्रफिती थेट पहिल्या शब्दापासून सुरू होतात. पण नट त्या पहिल्या शब्दापाशी पोचतो कसा, यातच अर्धा अभिनय असतो. त्यामुळे आधीचा अर्धा मिनिट तरी ज्यात आहे अशी फीत शोधा. नाहीच मिळाली तर आधीचा प्रसंग दोन वाक्यांत तोंडी सांगा.

प्रश्न : शब्द तेच, मग नेमकं बदलतं काय? आवाज आणि हातवारे सोडून कान कशाकडे द्यायचा? (कराड)

विचार कुठे जन्मतो, तिकडे. कच्चा नट स्वगत म्हणतो, मुरलेला नट ते तिथल्या तिथे सुचल्यासारखं बोलतो. पुढचा शब्द त्याला आधीच ठाऊक आहे असं जिथे वाटलं नाही, तिथे त्याने बाजी मारली असं समजा.

मराठी स्वगतातली तीन ठिकाणं जवळून पाहा.

पहिलं सुरुवातीलाच. ‘हा एकच सवाल’ या तीन शब्दांत जोर कशावर? ‘एकच’वर दिला तर बाकी सगळे प्रश्न त्या म्हाताऱ्याने निकालात काढलेले असतात. ‘सवाल’वर दिला तर उत्तर नसल्याची तगमग पुढे येते. ‘हा’वर दिला तर तो प्रश्न त्याला समोर उभा दिसतोय. इंग्रजीतही हाच पेच आहे. तिथे ‘दॅट इज द क्वेश्चन’मध्ये ओळीच्या लयीप्रमाणे आघात ‘इज’वर पडायला हवा, पण कित्येक नट तो ‘दॅट’वर देतात. शेक्सपिअरच्या मृत्यूला चारशे वर्षं झाली तेव्हा, २०१६ मध्ये, रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या कार्यक्रमात याच मुद्द्यावर एक धमाल प्रवेश झाला होता. एकामागून एक नामवंत नट मंचावर येतो आणि आधीच्याला सांगतो की जोर या शब्दावर नाही, त्या शब्दावर हवा. बैठकीच्या सुरुवातीला तो प्रवेश जरूर दाखवा, ऐकायचं कसं ते लोकांना आपोआप कळेल.

दुसरं ठिकाण म्हणजे ‘माझा, तुझा, याचा आणि त्याचाही’. चार सर्वनामं, दुसरं काही नाही. चारही एका दमात, एकाच सुरात गेली तर ती नुसती यादी. ‘तुझा’ म्हणताना नट कुणाकडे बघतो? प्रेक्षकाकडे, रिकाम्या जागेकडे, की स्वतःच्या हाताकडे? आणि शेवटच्या ‘ही’वर काय होतं? काही नट तो ‘ही’ दात आवळून उच्चारतात, तेव्हा सगळ्या जगावरचा राग त्या एका अक्षरात येतो. काहींच्या तोंडी तो गळून पडतो आणि मग सूड न उरता थकवा उरतो. दोन्ही बरोबर आहे, फक्त नटाने ठरवलेलं असलं पाहिजे.

तिसरं ठिकाण ‘पण’. मरणाची झोप हवीशी वाटता वाटता त्या झोपेत स्वप्न पडलं तर, ही शंका इथे येते. या ‘पण’च्या आधीची शांतता घड्याळ लावून मोजा. कुणी अर्धा सेकंद घेतो, कुणी चार. पण लांब थांबणं म्हणजे उत्तम थांबणं नव्हे. थांबल्यावर नटाच्या डोळ्यांत काही घडलं का, श्वास अडकला का, हे बघा. तसं काही झालं नसेल तर तो नुसता ‘पॉज’ आहे.

दोन्ही स्वगतांतला एक मोठा फरकही ध्यानात ठेवा. हॅम्लेटच्या त्या जवळजवळ पस्तीस ओळींत ‘मी’ कुठेच नाही. तो ‘आपण’ म्हणून बोलतो, सगळ्या माणसांविषयी बोलतो. ‘माझी पापं’ हा शब्द येतो तो अगदी शेवटी, त्याची प्रेयसी ऑफेलिया दिसल्यावर. त्यामुळे ते स्वगत थंड डोक्याने, एखादं कोडं सोडवावं तसं करता येतं आणि कित्येकांनी तसं केलंही आहे. शिरवाडकरांनी तो विचार उचलला, पण शेवट स्वतःचा केला. त्यांचा आप्पा थेट विधात्याला हाक मारतो. तिथे विचार संपतो आणि गाऱ्हाणं सुरू होतं. म्हणून मराठी नटाला मध्येच गाडीचा सांधा बदलावा लागतो. हा सांधा न जाणवता बदलणारे नट थोडे. बरेच जण पहिल्या वाक्यापासूनच गाऱ्हाण्याच्या सुरात असतात, आणि मग हाक मारायची वेळ येते तेव्हा वर चढायला जागाच शिल्लक नसते.

प्रश्न : कॉलेजच्या एकपात्री स्पर्धेसाठी आमचा एक विद्यार्थी ‘नटसम्राट’चं स्वगत बसवतोय. पण तो कधी डॉ. लागूंची, कधी नाना पाटेकरांची नक्कल करतो. कसं सोडवावं? (सांगली)

‘नक्कल करू नकोस’ असं सांगून नक्कल जात नाही. त्याच्या कानात जे भरलंय त्याची जागा दुसऱ्या कशाने तरी भरावी लागते. महिना-दीड महिना हाताशी असेल तर असं करून पाहा.

पहिले दोन आठवडे कुठलीही फीत बघायची नाही. पुस्तकातून स्वगत हाताने उतरवून काढायला लावा. मग तेच सगळं त्याला घरच्या बोलीत सांगू द्या. तो वाळव्याचा असेल तर वाळव्याच्या, जतचा असेल तर जतच्या. ‘असल्या जगण्यात काय राम हाय?’ असं त्याच्या तोंडून निघालं की अर्थ त्याचा झाला. आता पुन्हा मूळ शब्दांकडे या. मूळ शब्द बदलायचे नाहीत. बोली ही फक्त तालमीची पायरी.

नंतर स्वगताचे पाच तुकडे करा : प्रश्न, सगळं संपवण्याची ओढ, ‘पण’ची शंका, आपण हे का सोसतो याचं उत्तर, आणि विधात्याला हाक. प्रत्येक तुकडा खोलीतल्या वेगळ्या जागी उभं राहून म्हणायचा. पाय हलले की विचार बदलतो, आणि तो बदल नंतर एका जागी उभं राहिल्यावरही आवाजात टिकतो.

श्वासाचं बघा. उकिरडा आणि पत्रावळीच्या प्रतिमेने सुरू होणारं वाक्य थेट मृत्यूच्या डोहापर्यंत जातं. ते एकच प्रश्नवाक्य आहे. बहुतेक मुलं ‘लक्तर’पाशी दम संपवतात आणि पुढची ‘जाणिवेच्या यातनेसह’ ही जागा गिळून टाकतात, जी त्या वाक्याचं मर्म आहे. श्वास ‘आनंदानं’ झाल्यावर, ‘की’च्या आधी, पोटातून आणि आवाज न करता घ्यायचा. दोन पर्यायांमधली फट तिथेच आहे, त्यामुळे तो श्वास अर्थालाही धरून येतो.

म्हातारपण थरथरत्या आवाजात शोधू नका. डॉ. लागूंनी हा म्हातारा उभा केला तेव्हा ते स्वतः त्रेचाळीस वर्षांचे होते. एकोणीस वर्षांच्या मुलाने आवाज थरथरवला की आधी व्यंजनं जातात, शब्द कळेनासे होतात आणि परीक्षकाला फक्त सोंग दिसतं. मान वळवायला लागणारा वेळ, बसल्या जागेवरून उठताना आधी हाताने आधार चाचपणं, उठल्यावर क्षणभर स्थिरावणं, एवढ्याने वय दिसतं. शिवाय आप्पा हा नट आहे. शरीर थकलं तरी त्याची वाणी थकलेली नाही. स्वच्छ उच्चार हेच त्याचं उरलेलं वैभव आहे.

आणि रडू लवकर येऊ देऊ नका. डोळे भरले की नाक चोंदतं, ‘म’ आणि ‘न’ बोबडे होतात. मुलगा रडत असतो आणि प्रेक्षक कोरडे राहतात. रडू दाबून धरलेला माणूस बघताना मात्र बघणाऱ्याचे डोळे भरतात.

चौथ्या आठवड्यानंतर खुशाल सगळ्या फिती दाखवा. दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा मोठमोठ्या नटांनी आप्पा केला, आणि प्रत्येकाचा वेगळा झाला. हे त्याला कळू दे, म्हणजे आपलाही वेगळा होऊ शकतो हा धीर येईल.

प्रश्न : ‘हॅम्लेट’ मराठीत आणण्याचा साताऱ्याशी काही संबंध आहे का? (सातारा)

चांगलाच आहे. ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ हे मराठी रूप करणारे गोपाळ गणेश आगरकर कराडजवळच्या टेंभूचे. ते पुस्तक १८८३ चं. त्यावरून रंगमंचावर हॅम्लेट गाजवला तो गणपतराव जोशी यांनी, शाहूनगरवासी नाटक मंडळीतून. शाहूनगर म्हणजे तुमचा सातारा. गणपतरावांनी झुंझाररावही गाजवला. ते ‘ऑथेल्लो’चं रूपांतर, आणि ते करणारे गोविंद बल्लाळ देवल सांगलीशेजारच्या हरिपूरचे. डॉ. लागूंचा जन्मही साताऱ्याचाच, १९२७ चा. पुढे नाना जोगांनी ‘हॅम्लेट’चं भाषांतर केलं. तेच वापरून चंद्रकांत कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये सुमीत राघवन यांना घेऊन नाटक केलं. आगरकरांचं आणि जोगांचं स्वगत पाठोपाठ मोठ्याने वाचून बघा. मराठी गद्याची चाल केवढी बदलली ते जिभेलाच कळतं.

प्रश्न : माझं इंग्रजी जेमतेम आहे. तरी इंग्रजीतले हॅम्लेट ऐकण्यात अर्थ आहे का? असेल तर कुठले? (विटा)

अर्थ आहे, आणि भाषा कमी येत असल्याचा एक फायदाही आहे : शब्दांत न अडकता तुम्ही लय ऐकाल. ओळ साधारण दहा अक्षरांची, एक हलकं एक जड अशा चालीची. पहिल्या चार ओळींना मात्र शेवटी एक हलकं अक्षर जास्त आहे. त्यामुळे त्या ठाम संपत नाहीत, लोंबकळत राहतात. माणूस निर्णयाला येत नाहीये हे कानालाच समजतं. आधी मराठी भाषांतर दोनदा वाचा, मग ऐका.

चित्रपटांतून सुरुवात सोपी. लॉरेन्स ऑलिव्हिए (१९४८) समुद्रावरच्या उंच कड्यावर आहे. काही ओळी तो ओठ न हलवता, मनातल्या आवाजात घेतो, आणि हातातला खंजीर खाली समुद्रात पडतो. मेल गिब्सन (१९९०) बापाच्या थडग्यापाशी, तळघरात. केनेथ ब्रॅना (१९९६) आरशासमोर उभा राहून स्वतःच्याच प्रतिबिंबाशी बोलतो, आणि त्या आरशामागे राजा लपलेला असतो. नाटकातही हे स्वगत चालू असताना राजा आणि त्याचा मंत्री पोलोनिअस आडोशाला आहेतच, त्यामुळे ‘आपल्याला कुणी ऐकतंय हे हॅम्लेटला ठाऊक आहे का?’ हा प्रश्न प्रत्येक नटाला सोडवावा लागतो. ईथन हॉक (२०००) व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात ‘अ‍ॅक्शन’ लिहिलेल्या रांगांमधून फिरत हे म्हणतो. हातून काहीच कृती न होणाऱ्या माणसासाठी ही जागा फार नेमकी निवडली आहे. डेव्हिड टेनंट (२००९) अगदी दबक्या, दमलेल्या आवाजात बोलतो. अँड्र्यू स्कॉटचा (२०१७) हॅम्लेट समोर बसलेल्या मित्राशी बोलल्यासारखा, वाक्य अर्धवट सोडत, पुन्हा उचलत जातो. तरुण मुलांना हा सगळ्यात जवळचा वाटतो.

आणि भाषेचं भय पार घालवायचं असेल तर रशियन ‘हॅम्लेट’ बघा : ग्रिगोरी कोझिन्त्सेव यांचा १९६४ चा चित्रपट, भाषांतर बोरिस पास्तरनाक यांचं. हॅम्लेट झालेला स्मोक्तुनोव्स्की समुद्रकाठच्या खडकांतून चालतो आहे आणि स्वगत फक्त आतल्या आवाजात ऐकू येतं. एकही शब्द न कळता ते कळतं. हिंदीत ‘हैदर’ (२०१४) आहेच. शाहिद कपूरने तो सवाल काश्मीरच्या चौकात, गर्दीसमोर आणला, एकट्याचं स्वगत जाहीर सभेत नेलं.

प्रश्न : मग सगळ्यात श्रेष्ठ कोण? (वाई)

अशी क्रमवारी लावून ऐकण्यातला निम्मा आनंद जातो. तरी निवड हवीच असेल तर मराठीत डॉ. लागू, कारण त्यांच्या आवाजातला राग आणि बुद्धी एकमेकांना सोडत नाहीत. आणि परभाषेत स्मोक्तुनोव्स्की.

प्रश्न : हे स्वगत कार्यक्रमात सादर करायला परवानगी लागते का? (तासगाव)

शेक्सपिअर आणि आगरकर यांच्या मजकुराला नाही. ‘नटसम्राट’ला लागते. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतात आणि शिरवाडकरांचं निधन १९९९ चं. शाळा-कॉलेजच्या आत विद्यार्थी, शिक्षक, पालक यांच्यापुढे शैक्षणिक उपक्रम म्हणून केलेल्या किंवा हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सवलत आहे. तिकीट लावणार असाल किंवा चित्रीकरण करून इंटरनेटवर टाकणार असाल, तर हक्कधारकांची लेखी परवानगी आधी घ्या. पत्ता प्रकाशकाकडून मिळतो.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या खोलीत फीत लावली की आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत. जुन्या फितींचं तर विचारूच नका. महागडा संच न घेता काही करता येईल का? (कोरेगाव)

बरंच. फरशी आणि उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो. खाली सतरंज्या अंथरा, खिडक्यांना जाड पडदे किंवा चादरी लावा, आणि माणसं भिंतीपासून हातभर पुढे बसवा. स्पीकर कोपऱ्यात ठेवू नका. कोपऱ्यात खर्ज फुगतो, स्वर गडगडतात आणि ‘त’, ‘प’, ‘क’ त्याखाली बुडतात. तो समोरच्या भिंतीपासून दोन फूट पुढे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, स्टुलावर ठेवा. खर्जाचं बटण कमी करा. अशा मजकुराला खर्ज फारसा लागत नाही.

जुन्या फितींत खरखर असते म्हणून लोक तार सूर पार खाली आणतात. तसं केलं की खरखरीबरोबर व्यंजनंही जातात. थोडी खरखर राहू द्या, दोन मिनिटांत कान तिला सरावतो. सगळ्या फितींचा आवाज आदल्या दिवशी सारखा करून ठेवा. जो जोरात वाजतो तोच नट सरस वाटतो, हा कानाचा जुना दोष आहे. प्रत्येक फितीतलं एकच वाक्य लावून आवाजाचा काटा कुठे येतो ते कागदावर लिहून ठेवा आणि बैठकीत तोच आकडा लावा. संगणक आणि स्पीकर वायरने जोडा. ब्लूटूथवर ओठ आणि आवाज यांत कधीकधी अंतर पडतं, आणि अभिनय बघताना तेवढंही खुपतं. जाहिराती मध्ये येऊ नयेत याची सोय आधी करा. स्वगत चालू असेपर्यंत पंखे बंद ठेवा. चार मिनिटं उकाडा सोसवतो, पण ‘पण’च्या आधीच्या शांततेत पंख्याची घरघर नको.

मागच्या रांगेत एकाला बसवून नुसती व्यंजनं ऐकू येतात का ते तपासा. त्याला ‘पत्रावळ’मधला ‘त्र’ स्वच्छ ऐकू आला की बाकीच्यांची काळजी नाही.